कालज्योतिष्याची रिकामी जागा

चष्म्याचं दुकान आठवड्यातून एक दिवस बंद असायचं, आणि खरी वर्दळ त्याच दिवशी असायची. वर्दळ म्हणजे माणसं पाचच. पण दुकान असं चिंचोळं, की पाच जण बसले की सहाव्याने आत यायच्या आधी पोट आत घ्यावं. शटर अर्धं खाली ओढलेलं असे. काउंटरवरचे आरसे भिंतीकडे तोंड करून ठेवलेले असत, कारण समोर आरसा असला की नर्सबाईंचं लक्ष आपल्या पांढऱ्या केसांकडे जाई आणि मग त्या कामातून जात. नंबर तपासायची उंच खुर्ची मास्तरांची. गिऱ्हाइकांच्या दोन खुर्च्या नर्सबाईंच्या आणि लिफ्टवाल्याच्या. ताई काउंटरमागे. आणि ताईचा नवरा अक्षरांच्या तक्त्याखाली भिंतीला टेकून उभा. दिवा तिथेच जरा बरा होता, आणि वाचायचं काम त्याचं होतं.

दुकान ताईचं. ती यांतल्या कोणाचीच सख्खी ताई नव्हती; पण जन्मभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत 'आता बरं दिसतंय, की मघाशी?' असं विचारून तिच्या बोलण्यात एक ठामपणा आला होता, त्यामुळे वयाने मोठी माणसंसुद्धा तिला ताई म्हणत. ती ताई, म्हणून तिचा नवरा आपोआप सगळ्यांचा भावोजी झाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

या मंडळींना एकत्र आणलं ते 'पालथं राज्य' या पुस्तकमालेने. सात जाडजूड पुस्तकं. त्यात एक राजा आहे. ऐन सहीच्या वेळी एका रुसलेल्या चेटकिणीने त्याचं स्टूल करून टाकलं आहे आणि कारभार तसाच चालू आहे. फक्त दरबारात कोणाचा हात वर पोचेना झाला की 'महाराज, माफी असावी' म्हणून त्याच्यावर चढावं लागतं. एक म्हातारा ड्रॅगन आहे. तो निवृत्तीनंतर बेकरीत भट्टीचं काम करतो, आणि पाव करपला की आपण तरुणपणी कोणकोणती शहरं जाळली ते सांगत बसतो. आणि एक कालज्योतिषी आहे. त्याचं भविष्य कधीच चुकत नाही, कारण तो फक्त कालचं सांगतो.

या पुस्तकांवर सिनेमा निघाला तर कोणी कोणती भूमिका करावी, हे ठरवायला ती पाच माणसं जमत. सिनेमा कोणी काढणार नव्हतं. 'पण उद्या काढलाच, तर ऐनवेळी आपली धांदल नको,' असं मास्तर म्हणायचे. मास्तरांनी हयातभर शाळेत भूगोल शिकवला होता, आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्याजवळ शिस्त तेवढी शिल्लक राहिली होती.

पद्धत त्यांचीच. एकाने नटाचं नाव घ्यायचं. मग त्या पात्राचं एक पान वाचायचं. वाचणारा सोडून खोलीतल्या प्रत्येकाने डोळे मिटायचे. तो नट त्या पात्रात दिसत राहिला तर पान संपेपर्यंत डोळे मिटलेले ठेवायचे; मध्येच पात्र विरून नुसता नट उरला, तर डोळे उघडायचे. एकाने जरी उघडले तरी नाव पडलं. डोळे मात्र खोटे मिटायचे नाहीत. हा नियम कोणी कोणावर लादला नव्हता, पण देवापुढे खोटं बोलेल तो माणूसही इथे बोलत नसे. आधीच घरच्यांच्या लेखी हा पोरखेळ. त्यात लबाडी शिरली असती तर उरलं काय?

असं करत करत ड्रॅगन मिळाला, चेटकीण मिळाली. स्टुलासाठी एक धिप्पाड नट एकमताने मंजूर झाला. त्याने हलायचंही नव्हतं, तरी लिफ्टवाल्याने त्याच्यासाठी महिनाभर भांडण केलं होतं. फक्त कालज्योतिषी कित्येक वर्षं रिकामा होता.

त्याचं पान सगळ्यांना तोंडपाठ. दरबार भरलेला. कालज्योतिषी उंच टोपी घालून येतो आणि अशा काही घनगंभीर आवाजात कालचं सांगतो की लोक झालेल्या गोष्टींना घाबरायला लागतात. 'तू काल जिन्यावरून पडशील!' समोरचा लंगडत म्हणतो, 'पडलो, बुवा.' 'मग जपून राहा!' सगळा दरबार चळचळा कापतो. मग स्टूल, म्हणजे महाराज, हळूच विचारतात, 'उद्याचं काही सांगता येईल का?' ज्योतिषी इकडे तिकडे बघतो. टोपी काढतो. आणि एवढ्याशा आवाजात म्हणतो, 'उद्याचं मला कसं ठाऊक असणार? मीही तिथे पहिल्यांदाच जाणार आहे.'

या शेवटच्या वाक्याशी भलेभले आडवे झाले. घनगंभीरपणा पुष्कळांना जमत होता. हसवणंही जमत होतं. पण टोपी काढल्यावर टोपीखाली कोणीच निघत नसे. तिथे कोणाचे तरी डोळे उघडत, आणि बहुतेक वेळा ते ताईचे असत.

"ताई, तुमच्या डोळ्यांना कुलूप का नाही लागत?" लिफ्टवाला एकदा वैतागला होता. "मी दोन आठवडे घासून नाव आणलं होतं."

"मला तो नटच दिसला रे. पुरस्कार घेताना."

"मला पण दिसला होता. मी म्हटलं चालवून घेऊ."

"तू लिफ्टी पण अशाच चालवून घेतोस का?" नर्सबाईंनी विचारलं, आणि नेमका त्याच वेळी त्याचा फोन वाजला. कुठल्यातरी लिफ्टमध्ये कोणीतरी अडकलं होतं, ते सोडवायला बोलावणं होतं.

आता हे सगळं चालू असताना एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. ताईचा नवरा स्वतः नट होता. म्हणजे मालिकांमध्ये डॉक्टर होता. ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर यायचं, चष्मा काढायचा, मान हलवायची, की घरच्यांनी रडायला सुरुवात करायची. चष्मा ताईच्याच दुकानातला. तीस वर्षांत त्याच्या हातून इतके रोगी दगावले होते की रस्त्यात लोक ओळखायचे आणि जरा अंतर ठेवून चालायचे. वाचायला मात्र त्याच्यासारखा कोणी नव्हता. राजा, चेटकीण, ड्रॅगन, भट्टीतला पाव, सगळ्यांचे आवाज तोच. पण ज्याच्या हातचं रोज जेवतो त्या आचाऱ्याला 'तूही बस' म्हणायचं कोणाला सुचत नाही. त्याचं नाव कोणी घेतलं नाही, आणि त्यानेही कधी ओठांवर आणलं नाही.

ताईला हे सुचलं नव्हतं का? खरं सांगायचं तर नव्हतं. मग एक दिवस सुचवायला बाहेरचं माणूस आलं.

झालं असं, की 'पालथं राज्य'वर खरोखरच मालिका निघणार अशी बातमी आली. मास्तरांनी लगोलग कंपनीला लांबलचक पत्र धाडलं: 'पात्रांची निवड आम्ही पूर्ण करीत आणली आहे, तरी आपण त्या बाबतीत तसदी घेऊ नये.' कंपनीतल्या कोणीतरी ते पत्र गंमत म्हणून पुढे ढकललं, त्याने आणखी पुढे, आणि बघता बघता हजारो लोकांनी ते वाचलं. काही हसले. पण पुस्तकं वाचलेले पुष्कळ जण म्हणाले, बरोबर आहे, यांनाच विचारा. अशी ही पाच माणसं 'डोळे मिटणारे' म्हणून प्रसिद्ध झाली, आणि एका बंदच्या दिवशी कंपनीची कास्टिंगवाली बाई शटरखालून वाकून आत आली.

"डोळे मिटणारे ते तुम्हीच ना?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि चपलेचा एक पट्टा तुटलेला होता. "मी नुसती बसते. तुमचं चालू द्या."

तिला बसायला जागा नव्हती. ती काचेच्या कपाटाला टेकून उभी राहिली. त्या दिवशीचं नाव नेहमीसारखं पडलं. पण बाईचं लक्ष नावाकडे नव्हतं.

"काका, तुम्ही काय करता?" तिने अक्षरांच्या तक्त्याकडे बघत विचारलं.

"मी डॉक्टर असतो."

"असता म्हणजे?"

"मालिकांमध्ये."

बाई हसली नाही. तिने त्याचा नंबर घेतला. दोन दिवसांनी बोलावणं आलं. तो गेला, ज्योतिष्याचं पान करून आला, आणि घरी येऊन म्हणाला, "झालं. उन्हाचं फार लांब पडतं."

पुढच्या बंदच्या दिवशी बाई पुन्हा आली. ज्योतिष्यासाठी दोन नावं उरली होती. एक भावोजी. दुसरा तो खळीवाला. गालाला खळी पडणारा, टूथपेस्टपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं विकणारा, सगळ्यांना माहीत असलेला.

"कंपनीला तो हवाय," बाई म्हणाली. "मला काका हवेत. पण मी एकटी काय बोलणार? तुम्ही सगळ्यांनी एकमताने सांगितलं, तुमच्या त्या पद्धतीने, तर मला भांडायला काहीतरी मिळेल. ते तुमच्या पत्राला घाबरलेत. पुढच्या वेळी दोन्ही नावं घ्या. मी बघायला येते."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" लिफ्टवाला उठून उभा राहिला, त्यात त्याची खुर्ची नर्सबाईंच्या पायावर आली. "भावोजी, आपल्या डोक्यात कसं नाही आलं हो?"

"डोकं लागतं," नर्सबाई पाय चोळत म्हणाल्या.

मास्तरांनाही आनंद झाला होता, पण त्यांनी तो नियमात बसवून घेतला. "मात्र पद्धत तीच. आपला माणूस म्हणून सूट नाही. काय ताई?"

"नाही कसली सूट," ताई म्हणाली. नवरा तक्त्याखाली उभा राहून पुस्तकाची पानं उगाच सारखी करत होता.

तो आठवडा ताईला फार जड गेला.

पहिल्याच दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा ती उंच खुर्चीत जाऊन बसली आणि तिने डोळे मिटले. म्हटलं, आधी आपणच बघून घेऊ. दरबार आला, स्टूल आलं, लंगडणारा आला. मग ज्योतिषी यायला हवा होता. आला तो तिचा नवरा. बनियनवर, खांद्यावर टॉवेल, एका हातात बंद पडलेला रिमोट. तिने मनातल्या मनात त्याच्या डोक्यावर उंच टोपी चढवली. त्याने ती काढली आणि विचारलं, 'अगं, ही कुठे ठेवू?'

तिने डोळे उघडले. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं जागच्या जागी होती.

पुन्हा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी केला, तिसऱ्या दिवशी केला. एका आजीबाईंना जवळचा नंबर काढून देताना, काच बदलता बदलता केला. दर वेळी तोच, टॉवेलवाला. इतकी वर्षं दुसऱ्यांचे नट पारखले. पण ज्याच्याबरोबर संसार केला तो माणूस दुसरा कोणी होऊच शकेना. त्याची प्रत्येक हालचाल तिला आधीच ठाऊक होती. टोपी काढल्यावर खाली कोण निघणार हे ज्याच्या बाबतीत माहीत असतं, त्याच्या टोपीत काय राम?

आणि तिकडे घरी नवरा न्हाणीघरात नळ सोडून ते वाक्य म्हणत होता. बादली केव्हाच भरून वाहायला लागायची, तरी नळ बंद होत नसे. पाण्याच्या आवाजाखालून त्याचा एवढासा आवाज यायचा. '...मीही तिथे पहिल्यांदाच...' मग थांबायचा. मग पुन्हा. दाराबाहेर ताई कपडे हातात घेऊन उभी असायची. तीस वर्षांत त्याने कोणत्याही कामासाठी असं पाणी वाया घालवलं नव्हतं.

शेवटी तिच्याने राहवेना. संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "तुम्ही काही विचारत नाही."

"काय विचारू?"

"की मला दिसतंय का."

तो पेपर वाचत होता. पेपर त्याने खाली केला नाही. "परीक्षेच्या आधी मास्तरांना उत्तर विचारतात का?"

"मी काही तुमची मास्तर नाही."

"मास्तर बरे. ते निदान गुण तरी देतात." मग जरा वेळाने, पेपरच्या मागूनच, "तू त्या पुरस्कारवाल्या थोरल्या नटाला पाडलंस ना, मागे? मला बरं वाटलं होतं."

"का?"

"उगाच. वाटलं, ही त्यालाही पाडते, तर आपलं नाव निघालं नाही तेही ठीक आहे."

ताईने शेंगेचं दुसरं टोक मोडलं. त्याला काय म्हणायचं होतं ते तिला कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. तिने ठरवून टाकलं. डोळे मिटायचे आणि काही झालं तरी उघडायचे नाहीत. एक पान. एका पानाची तर गोष्ट. इतकी वर्षं खरं खेळल्याचं काही पुण्य जमलं असेल तर ते कधी वापरायचं?

तो दिवस आला. बाई आली, या वेळी तिने येताना स्वतःसाठी घडीचं स्टूल आणलं होतं. आता प्रश्न आला की वाचायचं कोणी. भावोजींनी स्वतःचंच पान वाचणं बरं दिसेना. मास्तर म्हणाले, मी वाचतो. लिफ्टवाल्याने आपली खुर्ची भावोजींना दिली आणि स्वतः दाराशी उभा राहिला.

"म्हणजे आज यांनीही डोळे मिटायचे," मास्तर म्हणाले. "वाचणारा सोडून सगळ्यांनी."

"मिटतो की," नवरा म्हणाला. या खेळात तो पहिल्यांदाच खाली बसला होता. हात कुठे ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं.

आधी खळीवाला. मास्तर वाचू लागले ते एखाद्या नदीचा उगम सांगावा तसे. 'तू काल जिन्यावरून पडशील' हे वाक्य त्यांच्या तोंडी हवामानाचा अंदाज वाटत होतं. लंगडणारा दरबारात येतो न येतो तोच नर्सबाईंनी डोळे उघडले.

"मला टूथपेस्टच दिसायला लागली हो," त्या म्हणाल्या. नाव पडलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि टाकल्याचं एकमेकांना दिसू नये म्हणून कोणी खोकलं, कोणी पाणी प्यायलं.

"आता भावोजी," मास्तर म्हणाले.

ताईने डोळे मिटले. मास्तरांचा आवाज सुरू झाला. दरबार आला. आणि दारातून तोच आला, बनियन, टॉवेल. ती दात आवळून बसली. टोपी चढवली. पडली. पुन्हा चढवली. 'जपून राहा!' असं मास्तर वाचत होते आणि तिचा नवरा आतून विचारत होता, अगं, इथला दिवा का लागत नाही? लिफ्टवाल्याचा फोन वाजला, त्याने तो बंद केला. कोण अडकलं असेल ते अडकू दे, आज तो डोळे उघडणार नव्हता. नर्सबाईंच्या बांगडीचा आवाज झाला. स्टुलाने उद्याचं विचारलं. आता एकच वाक्य उरलं होतं. ताईने पापण्या इतक्या आवळल्या की अंधारात लाल ठिपके दिसायला लागले. उद्याचं मला कसं ठाऊक असणार...

"मी उघडले," नवऱ्याचा आवाज आला.

मास्तर थांबले. एकेकाने डोळे उघडले. नवरा खुर्चीत सरळ बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"तुमचे नाही धरायचे हो, काका," बाई घाईने म्हणाली. "स्वतःचे कोण धरतं?"

"खोलीतल्या प्रत्येकाचे," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं. शाळेतली जुनी सवय. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते पुस्तक मिटून म्हणाले, "म्हणजे नियम तसा आहे. पण नियम आपणच केलाय. बदलू."

"नका बदलू," नवरा म्हणाला. "नाही दिसलो मला मी. काय करणार?"

"भावोजी, माझे मिटलेले होते," लिफ्टवाला म्हणाला. "शप्पथ."

"माझेही," नर्सबाई म्हणाल्या.

बाईने सगळ्यांकडे एकदा बघितलं. ती पूर्ण वेळ उघड्या डोळ्यांनी बसली होती. तिने काय पाहिलं ते तिने सांगितलं नाही. स्टुलाची घडी घालून ती म्हणाली, "मग मी त्यांना सांगते, एकमत झालं नाही म्हणून." शटरखालून वाकताना ती क्षणभर थांबली, पण तिलाही पुढे दहा जागा भरायच्या असणार. ती गेली.

तिच्यामागून बाकीचे गेले. नेहमी दारात अर्धा तास रेंगाळणारी माणसं, त्या दिवशी दुकानाला आग लागल्यासारखी पांगली. ताई आरसे पुन्हा दर्शनी बाजूला वळवू लागली. नवरा खुर्च्या जागेवर लावत होता.

"का उघडलेत?" तिने त्याच्याकडे न बघता विचारलं.

"सांगितलं ना. दिसलो नाही."

"खरं सांगा."

त्याने खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला.

"तुला बघायला उघडले."

ताईच्या हातातला आरसा तसाच राहिला.

"म्हटलं, हिला दिसतोय का बघू. पान संपेपर्यंत धीर नाही धरवला. एवढंच." तो गुडघ्यावरची अदृश्य धूळ झटकत म्हणाला, "इतकी वर्षं तुम्ही सगळे डोळे मिटून बसता. उघडा कोण असतो? मी. एक ओळ वाचायची, मान वर करायची. तुला खरं दिसायला लागलं ना, की तुझा खालचा ओठ सुटतो. ड्रॅगनच्या वेळी सुटला होता. चेटकिणीच्या वेळी तर तू चक्क तोंड उघडं टाकून बसली होतीस." तो किंचित हसला. "आज दात आवळून बसली होतीस. दाढ काढताना बसतात तशी."

"मी उघडणार नव्हते," ताई म्हणाली. "शेवटपर्यंत नव्हते."

"तेच तर."

"मग गप्प बसायचं होतंत! मिळालं असतं तुम्हाला. माझं काय जात होतं?"

"जात होतं," तो म्हणाला. "मालिकेत रोज त्या टोपीत तुझ्यासमोरून गेलो असतो, आणि तू रोज दात आवळले असतेस. मला एवढं सोसणार नाही गं. माझं वय झालं."

ताईला खूप बोलायचं होतं. मला तुम्हीच दिसत होता, दुसरं कोणी दिसेना, हा काही गुन्हा आहे का, असं विचारायचं होतं. पण ते बोलायला गेलं की समजूत घातल्यासारखं होणार, आणि समजूत घालायला गेलं की तो आणखी थकणार. तिने आरसा जागेवर ठेवला. आरशात दोघंही दिसत होते. तिने तो थोडा तिरका केला.

"एकदा वाचता का आत्ता? कोणी नाही इथे. मी नीट बघते."

"आज नको," तो म्हणाला. "आज खरंच कंटाळा आलाय."

चार दिवसांनी बातमी आली. ज्योतिषी खळीवाला करणार. बाईने नवऱ्याला फोन करून पुष्कळ काही चांगलं चांगलं सांगितलं. तो 'हो, हो' म्हणत राहिला आणि फोन ठेवल्यावर न्हाणीघरात गेला. नळ सुटल्याचा आवाज आला, बादली भरल्याचा आला, आणि लगेच बंद झाल्याचाही आला.

पुढच्या बंदच्या दिवशी मंडळी येतील की नाही अशी ताईला शंका होती. पण आली. जायला दुसरीकडे जागा तरी कुठे होती? बराच वेळ कोणी नाव काढेना. मास्तर म्हणाले, आता हा खेळ बंद केलेला बरा. खरी निवड झाली, आपण कशाला वरातीमागून घोडं न्यायचं? नर्सबाई म्हणाल्या, तसंच करू. लिफ्टवाला नुसताच फोनकडे बघत होता, कोणी अडकलं तर बरं म्हणून.

"मी एक नाव घेऊ का?" भावोजी म्हणाले. ते तक्त्याखाली आपल्या जागी उभे होते. इतक्या वर्षांत त्यांनी नाव कधी घेतलं नव्हतं. "खळीवाला."

"अहो, तो पडलाय," मास्तर म्हणाले.

"तो तुमच्या वाचनाने पडला, मास्तर. राग मानू नका. तुम्ही वाचलंत तर साक्षात ज्योतिषी आला तरी पडेल."

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मास्तर सगळ्यांत शेवटी, पण हसले. डोळे मिटले गेले.

नवऱ्याने वाचायला सुरुवात केली. ताईने त्याचं वाचन शेकडो वेळा ऐकलं होतं. असं ऐकलं नव्हतं. त्याने घाई केली नाही. कुठे जोर दिला नाही. लंगडणाऱ्याला त्याने इतकं हळू चालवलं की दरबारातली फरशी दिसायला लागली. आणि मग त्या फरशीवरून उंच टोपी घालून तो आला, खळीवाला. गालाची खळी होती, पण तिच्यात आता धूळ बसल्यासारखी वाटत होती. तो टूथपेस्ट विकत नव्हता. त्याचा चेहरा त्याचा होता, आवाज दुसऱ्याचा होता, आणि दोन्ही एकमेकांना नेमके बसले होते. लिफ्टवाल्याचा श्वास ऐकू येत होता. कोणी हललं नाही. ज्योतिष्याने इकडे तिकडे बघितलं. टोपी काढली. टोपीखाली एक थकलेला माणूस होता.

आपला खालचा ओठ सुटला आहे हे ताईला समजलं.

तो बघतो आहे हेही तिला ठाऊक होतं. एक ओळ वाचतो आहे आणि मान वर करतो आहे. ओठ मिटून घ्यावा असं तिला फार वाटलं. मिटता आला असता. पण गेल्या वेळची लबाडी एकदा माफ झाली होती, ती पुन्हा करायची तिची छाती झाली नाही. ती तशीच बसून राहिली, उघड्या ओठाने, त्याला दिसू देत.

'उद्याचं मला कसं ठाऊक असणार?' तो वाचत होता. आवाज जराही हलला नाही. 'मीही तिथे पहिल्यांदाच जाणार आहे.'

पान संपलं. नाव लागलं होतं. इतक्या वर्षांनी जागा भरली होती. आता डोळे उघडायला हरकत नव्हती. पण कोणी उघडेना, आणि मास्तरांनीही 'उघडा' म्हटलं नाही. मग नवऱ्याने पान उलटलं, आणि ठरलेल्या पानाच्या पुढचं, जे कोणी सांगितलं नव्हतं, ते तो वाचत राहिला.